उडत्या तबकड्यांच्या सरकारी फायली वाचायच्या कशा?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे: २ एप्रिल २०२२ला, गुढीपाडव्याच्या संध्याकाळी, इंदूरच्या लोकमान्य नगरातल्या गच्चीवरून घरच्या सगळ्यांनी आकाशात पेटती रेघ सरकत जाताना पाहिली. तेव्हापासून तुम्ही अमेरिका आणि ब्रिटनने खुल्या केलेल्या यूएफओ फायली वाचताय. त्या खऱ्या आहेत का, त्यांत ठिकठिकाणी काळं का फासलेलं असतं, सरकारं नेमकं काय दडवतात, आणि भारतात असं काही असेल तर ते कुठे मागायचं, हे तुम्हाला हवं आहे.

मी खगोलाचा माणूस नव्हे. नोकरीची सगळी वर्षं सरकारी रेकॉर्ड रूममध्ये गेली. बस्ते लावणं, नस्ती शोधून देणं, होळकरी अमलातला मोडी कागद वाचून दाखवणं, आणि मुदत संपली की विनष्टीकरणाची यादी करणं, हे माझं काम. निवृत्त झाल्यावर या परदेशी फायलींचा नाद लागला तो आकाशापेक्षा कागदाच्या ओढीने. म्हणून उत्तर कागदाच्या बाजूने देतो.

आधी पाडव्याची रेघ, कारण तिचं उत्तर उपलब्ध आहे. ती उल्का नव्हती. उल्का सेकंद-दोन सेकंदांत, फार तर आठ-दहा सेकंदांत विझते. तिचा वेग सेकंदाला ११ ते ७२ किलोमीटर असतो. तुम्ही जे पाहिलंत ते सावकाश, जवळजवळ आडवं सरकत होतं आणि त्याचे तुकडे एकमेकांना समांतर चालले होते. कक्षेतून खाली येणाऱ्या रॉकेटच्या किंवा उपग्रहाच्या सांगाड्याची ही खूण. त्याचा वेग सेकंदाला पावणेआठ किलोमीटरच्या आसपास असतो. त्या संध्याकाळी माळवा, निमाड, गुजरात, खानदेश, विदर्भ, सगळीकडून ते दिसलं, कारण जळण्याची ही क्रिया बरीच उंचावर, साधारण ऐंशी किलोमीटरवर सुरू होते. चंद्रपूर जिल्ह्यातल्या सिंदेवाही तालुक्यात लाडबोरी गावात सुमारे तीन मीटर व्यासाचं धातूचं कडं पडलं, आसपास धातूचे गोळेही मिळाले. फेब्रुवारी २०२१मध्ये सोडलेल्या चीनच्या चांग झेंग ३बी रॉकेटचा हा टप्पा असावा, असं उपग्रहांचा माग ठेवणाऱ्या अभ्यासकांनी सांगितलं. पुढच्याच महिन्यात, १२ मे रोजी, गुजरातेत आणंद जिल्ह्यात तसलेच गोळे पडले.

आता या घटनेचा कागद कुठे आहे ते पाहा. कडं पोलीस ठाण्यात गेलं, इस्रोची माणसं येऊन पाहून गेली. १९६८च्या आंतरराष्ट्रीय करारात असं कलम आहे की आपल्या हद्दीत दुसऱ्याची अंतराळवस्तू सापडली तर ती सोडणाऱ्या देशाला आणि संयुक्त राष्ट्रांच्या महासचिवांना कळवायचं. म्हणजे पोलीस, महसूल, अंतराळ विभाग, परराष्ट्र मंत्रालय अशा वाटेवर या प्रकरणाचे कागद शोधायचे. यांतल्या कुठल्याही नस्तीच्या पाठीवर 'उडती तबकडी' लिहिलेलं नसेल. तो शब्द घालून शोधणाऱ्याच्या हाती काही लागणार नाही, आणि मग तो म्हणेल की सरकारने दडवलं.

माझं म्हणणं एवढंच आहे: सरकारी फाईल आकाशाबद्दल बोलायच्या आधी स्वतःच्या ऑफिसाबद्दल बोलते. ती कोणी उघडली, कशाच्या भीतीने उघडली, कोणाला उत्तर द्यायचं होतं आणि केव्हा बंद करायची घाई झाली, हे कळल्याशिवाय आतल्या साक्षीचा अर्थ लागत नाही.

अमेरिकेचं उदाहरण घ्या. २४ जून १९४७ला केनेथ अर्नोल्ड नावाच्या खासगी वैमानिकाने वॉशिंग्टन राज्यात माउंट रेनियरजवळ नऊ चकाकत्या वस्तू वेगाने जाताना पाहिल्या. वर्तमानपत्रांनी 'फ्लाइंग सॉसर' हा शब्द उचलला आणि देशभरातून पत्रं येऊ लागली. हवाई दलाने १९४८मध्ये 'साइन', १९४९मध्ये 'ग्रज' आणि १९५२मध्ये 'ब्लू बुक' असे एकापाठोपाठ एक प्रकल्प काढले. ब्लू बुकचं ऑफिस ओहायोत, राइट-पॅटरसन तळावर. १७ डिसेंबर १९६९ला ते बंद करत असल्याचं जाहीर झालं. एकूण नोंदी १२,६१८. त्यांपैकी शेवटपर्यंत न उलगडलेल्या ७०१. हा आकडा सगळे सांगतात. साडेपाच टक्के उरले म्हणजे काहीतरी आहे, असं एक म्हणतो. साडेचौऱ्याण्णव टक्के सुटले म्हणजे काही नाही, असं दुसरा म्हणतो.

दोघेही बेरीज पाहतात, वर्षवार तक्ता पाहत नाहीत. मला त्या तक्त्याचं फार वेड आहे, म्हणून जरा थांबतो. १९५२ साली नोंदी १,५०१ आणि न उलगडलेल्या ३०३; म्हणजे पाचातली एक. १९५७ साली नोंदी १,००६ आणि न उलगडलेल्या फक्त १४. म्हणजे शंभरात दीडसुद्धा नाही. पाच वर्षांत आकाश एवढं समजूतदार झालं का? तर नाही, ऑफिस बदललं.

१९५२च्या जुलैत लागोपाठ दोन शनिवार-रविवारच्या रात्री खुद्द वॉशिंग्टनवर रडारच्या पडद्यावर ठिपके दिसले, लढाऊ विमानं पाठवली गेली, वर्तमानपत्रं पेटली. २९ जुलैला मेजर जनरल जॉन सॅमफर्ड यांना पत्रकारांसमोर बसावं लागलं. हवेतल्या उष्ण थरामुळे रडारची लहर वाकते आणि खोटे ठिपके उमटतात, असं स्पष्टीकरण देण्यात आलं. सीआयएची काळजी मात्र वेगळीच होती. रशियाची बॉम्बफेकी विमानं खरोखर येतील त्या दिवशी तबकड्यांच्या फोनांनी सगळ्या तारा अडकून पडल्या तर काय? जानेवारी १९५३मध्ये भौतिकशास्त्रज्ञ एच. पी. रॉबर्टसन यांच्या अध्यक्षतेखाली एक समिती बसली. वस्तूंपासून थेट धोका नाही, पण नोंदींच्या पुरापासून आहे, म्हणून लोकांच्या मनातलं कुतूहल कमी करा, असा तिचा सल्ला होता. त्याच वर्षी हवाई दलाचा २००-२ क्रमांकाचा नियम आला. सुटलेल्या प्रकरणांचीच माहिती बाहेर द्यायची, हा त्याचा रोख. आणि पुढच्या काळात न उलगडलेल्यांचं प्रमाण कमीत कमी करा, असं स्पष्ट लिहूनच आलं. तोवर ब्लू बुकचे पहिले प्रमुख एडवर्ड रपेल्ट बाहेर पडले होते. त्यांच्यानंतर 'बहुधा फुगा', 'कदाचित विमान' हेही सुटलेल्यांच्या रकान्यात जाऊ लागले.

ज्याने सरकारी ऑफिसात काम केलंय त्याला यात काही नवल वाटणार नाही. मार्चअखेर आली की प्रलंबित प्रकरणांचा आकडा खाली आणा असा तगादा येतो, आणि आकडा खाली येतो. प्रकरणं निकाली निघतात. सुटतात का, हा प्रश्न निराळा.

याचा अर्थ असा नव्हे की १९५७च्या 'सुटलेल्या' ९९२ नोंदींत लोकांनी परग्रहवासी पाहिले होते. त्या वर्षी ऑक्टोबरात स्पुतनिक गेलं होतं, अर्धी दुनिया मान वर करून फिरत होती, आणि मान वर केली की शुक्र दिसतोच. मी सांगतोय ते एवढंच की टक्केवारी हा निष्कर्ष म्हणून वापरू नका.

दडवण्याचं म्हणाल, तर हो, दडवतात. पण काय दडवतात ते पाहा. ७ जानेवारी १९४८ला केंटकीत कॅप्टन थॉमस मँटेल एका चकाकत्या वस्तूचा पाठलाग करत फार उंच गेले. विमानात प्राणवायूची सोय नव्हती, विमान कोसळलं, ते गेले. आधी कारण लिहिलं गेलं शुक्र. दिवसाढवळ्या शुक्राचा पाठलाग, हे कोणालाच पटलं नाही. पुढे बहुधा कारण म्हणून पुढे आला नौदलाचा 'स्कायहुक' फुगा. हे प्रचंड फुगे तेव्हा गुप्त होते, त्यामुळे हवाई दलाच्या चौकशी करणाऱ्यालासुद्धा ते ठाऊक नव्हते. एका खात्याचं गुपित दुसऱ्या खात्याच्या फाइलीत गूढ होऊन बसतं. न्यू मेक्सिकोतल्या रॉझवेलचीही तीच गत: १९४७ साली रानात सापडलेला मलबा रशियाच्या अणुस्फोटांचा आवाज टिपण्यासाठी सोडलेल्या 'मोगल' प्रकल्पाच्या फुग्यांचा असावा, हे हवाई दलाने सांगितलं ते १९९०च्या दशकात.

आणि यू-२. हे हेरगिरीचं विमान ऑगस्ट १९५५मध्ये प्रथम उडालं, साठ हजार फुटांच्या वर. प्रवासी विमानं तेव्हा दहा-वीस हजार फुटांवर उडत. संध्याकाळी खाली अंधार पडलेला असे, आणि वर त्या चंदेरी पंखांवर अजून ऊन. वैमानिकांनी पत्रं पाठवली नसती तरच नवल. ब्लू बुकवाले सीआयएला विचारत, खाजगीत खात्री करत, आणि पत्र पाठवणाऱ्याला काहीतरी निसर्गाचं कारण कळवून मोकळे होत. सीआयएच्याच नियतकालिकात एका सरकारी इतिहासकाराने १९९७मध्ये लिहिलं की पन्नासच्या दशकाच्या उत्तरार्धातल्या आणि साठच्या दशकातल्या निम्म्याहून अधिक नोंदी अशा विमानांच्या होत्या. तो 'निम्म्याहून अधिक' मला जरा फुगवलेला वाटतो. नोंदींच्या तारखा आणि जागा पाहता एवढ्या बसत नाहीत. पण खोटं उत्तर सरकारी शिक्क्यानिशी दिलं जात होतं, हे त्यातून कबूल झालं, आणि ते महत्त्वाचं आहे.

काळं फासण्याचं कारण याहून साधं आहे. ब्लू बुकच्या फायली अमेरिकेच्या राष्ट्रीय अभिलेखागारात ९४ मायक्रोफिल्म रिळांवर आहेत. खुल्या करण्याआधी त्यांतली साक्षीदारांची नावं झाकली गेली. कोणा शाळामास्तराने तबकडी पाहिल्याचं लिहून दिलं आणि पन्नास वर्षं लोक त्याच्या दारात येत राहिले, असं होऊ नये म्हणून. अलीकडच्या नौदलाच्या कागदांत झाकलं जातं ते बहुधा कॅमेरा आणि रडार किती लांबचं पाहू शकतात ते. म्हणून काळ्या पट्टीची लांबी पाहा, जागा पाहा. 'मी, ... , राहणार ...' यानंतरची पट्टी म्हणजे नाव. अंतर, उंची, वारंवारता यांच्या शेजारची पट्टी म्हणजे यंत्राची ताकद.

ब्रिटनच्या फायलींत आणखी एक धडा आहे, आणि तो माझ्या पेशाचा आहे. तिथल्या संरक्षण मंत्रालयात १९६७पर्यंत अशा नोंदी पाच वर्षांनी नष्ट करण्याची पद्धत होती, कारण त्यांत कायम जतन करण्यासारखं काही नाही असा शेरा होता. नंतर लोकांचा रस पाहून ठेवायला लागले. त्यामुळे चर्चिल यांनी जुलै १९५२मध्ये हवाई मंत्र्यांना पाठवलेली 'या उडत्या तबकड्यांच्या भानगडीचा अर्थ काय' अशा आशयाची चिठ्ठी आणि तिचं उत्तर उरलं, पण त्या काळातल्या सामान्य माणसांच्या कितीतरी नोंदी गेल्या. मला हे वाचून कारस्थानाचा वास येत नाही. विनष्टीकरणाच्या यादीवर सही करताना वरिष्ठ अधिकारी तिच्यातली नावं वाचत बसत नाहीत, हे मी पाहिलंय.

ब्रिटनमधलं सगळ्यात गाजलेलं प्रकरण रेंडलशमच्या जंगलात सैनिकांना दिसलेल्या विचित्र प्रकाशाचं, डिसेंबर १९८०. अमेरिकी हवाई तळाचे उपप्रमुख लेफ्टनंट कर्नल चार्ल्स हॉल्ट यांनी त्याबद्दल एक पानी पत्र लिहिलं ते १३ जानेवारी १९८१ला, म्हणजे दोन आठवड्यांहून जास्त काळ लोटल्यावर. पत्रातली तारीख एका दिवसाने चुकली आहे. स्थानिक पोलिसांच्या नोंदवहीत फोन आल्याची वेळ २६ डिसेंबरच्या पहाटेची आहे, पत्रात २७. आणि मंत्रालयाने रडारवर काही दिसलं का ते विचारताना पत्रातलीच तारीख धरली! त्याच पहाटे तीनच्या सुमारास दक्षिण इंग्लंडवरून एक मोठी उल्का गेल्याची नोंद आहे, आणि जंगलाच्या त्या बाजूला ऑर्फर्ड नेसचं दीपगृह होतं. यातून सगळं सुटतं असं मी म्हणणार नाही. हॉल्ट स्वतः मानत नाहीत. पण आपल्या कचेऱ्यांत काम करणाऱ्याला हे ठाऊक असतं की साहेबाचं सुबक टंकलेखन केलेलं पत्र आणि ठाण्याच्या हवालदाराने त्या क्षणी केलेली वेडीवाकडी नोंद यांत भांडण लागलं तर हवालदाराचं ऐकावं.

अशा नोंदी घेणारं ब्रिटिश संरक्षण मंत्रालयातलं ते टेबल १ डिसेंबर २००९ला बंद झालं. त्या वर्षी सहाशेहून अधिक नोंदी आल्या होत्या, आधीच्या वर्षांच्या कितीतरी पट. मोठं कारण कागदी आकाशदिवे, आतमध्ये मेण पेटवून सोडतात ते. दिवाळीत आपल्याकडेही आता तेच उडवतात, तेव्हा नारंगी, बिनआवाजी, एकामागून एक रांगेत जाणारे दिवे दिसले तर आधी शेजारच्या कॉलनीत चौकशी करा.

फ्रान्सची पद्धत मला सगळ्यांत प्रामाणिक वाटते. तिथे हे काम लष्कराकडे नसून अंतराळ संस्थेकडे आहे. १९७७मध्ये तुलूझला 'गेपान' या नावाने सुरू झालं, आज 'जेपान' म्हणून चालतं. २००७पासून त्यांनी फायली इंटरनेटवर टाकल्या. त्यांचे चार वर्ग आहेत: ए म्हणजे उलगडलं, बी म्हणजे बहुधा उलगडलं, सी म्हणजे माहितीच अपुरी, डी म्हणजे माहिती पुरेशी असूनही उलगडलं नाही. सी आणि डी वेगळे ठेवणं हे सगळ्यात मोलाचं. अमेरिकी गुप्तचर यंत्रणेच्या २०२१च्या यूएफओ अहवालात १४४ नोंदी होत्या आणि फक्त एकच खात्रीने ओळखता आली, ती म्हणजे हवा जात असलेला मोठा फुगा. 'उरलेल्या १४३ गूढ' असं छापून आलं. त्यांतल्या बहुतेकांचा दोष माहिती अपुरी असणं हा होता. फ्रेंच कारकुनाने त्या मुकाट्याने सीमध्ये टाकल्या असत्या. शिवाय जेपानवाले जुनी डी प्रकरणं पुन्हा काढून पाहतात, आणि त्यांतली काही वर्षांनी ए-बीमध्ये जातात.

रशियाबद्दल एवढंच सांगतो की २० सप्टेंबर १९७७च्या पहाटे पेत्रोझावोद्स्क शहरावर पसरलेला जेलीफिशसारखा तो अजस्र तेजस्वी आकार म्हणजे प्लेसेत्स्कहून सोडलेल्या कॉसमॉस-९५५ उपग्रहाच्या रॉकेटचा धूर होता. प्लेसेत्स्क तळाचं अस्तित्वच तेव्हा जाहीर नव्हतं, त्यामुळे हे सांगणार कोण?

आता भारत. इथेही नोंदी आहेत, फक्त त्या सीमेच्या आणि सुरक्षेच्या फायलींत आहेत. ऑगस्ट २०१२ ते फेब्रुवारी २०१३ या काळात लडाखमध्ये चीनच्या बाजूने येणाऱ्या पिवळसर तेजस्वी वस्तूंच्या ३२९ नोंदी जवानांनी केल्या. चिनी ड्रोन असावेत असा संशय होता. शेवटी बेंगळुरूच्या भारतीय खगोलभौतिकी संस्थेच्या शास्त्रज्ञांना विचारलं गेलं. नोंदींतल्या वेळा आणि दिशा ग्रहांच्या गतीशी ताडल्या, तेव्हा ते निघाले गुरू आणि शुक्र. लोक यावर हसतात. मला मात्र त्या जवानांचं कौतुक वाटतं. चार हजार मीटरच्या वर, निर्मळ विरळ हवेत शुक्र किती प्रखर दिसतो हे इंदूरच्या धुरकट आकाशाखाली बसून कळायचं नाही. आणि त्यांनी वेळ-दिशा नीट लिहिली म्हणूनच तर उलगडा झाला. 'काहीतरी दिसलं' एवढंच लिहिलं असतं तर ती ३२९ प्रकरणं आज तुमच्या यादीत गूढ म्हणून असती.

सीआयएच्या खुल्या कागदांत १९६८चा एक अहवाल आहे, तोही तुमच्या वाचण्यात आला असेल. त्या वर्षीच्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लडाख, नेपाळ, सिक्कीम आणि भूतानवर दिसलेल्या तेजस्वी वस्तूंची त्यात जंत्री आहे, आणि पोखराजवळ धातूची तबकडीसारखी वस्तू सापडल्याचाही उल्लेख आहे. 'सीआयएने मान्य केलं' अशा मथळ्यांनी तो दर काही वर्षांनी फिरतो. मान्य काही केलेलं नाही. अशा माहिती-अहवालांवर ही माहिती तपासलेली नाही असा इशारा छापलेला असे. म्हणजे कोणीतरी सांगितलं, आम्ही उतरवून घेतलं. आणि अमेरिकेला त्यात रस का, तर आकाशातून पडलेलं रशियन रॉकेटचं लोखंड गोळा करण्याची त्यांची 'मून डस्ट' नावाची मोहीमच होती. लाडबोरीच्या कड्याचा हा जुना भाऊबंद.

आपल्याकडचा आणखी एक उगम म्हणजे हैदराबादचे फुगे. टाटा मूलभूत संशोधन संस्थेचं तिथलं केंद्र वैज्ञानिक उपकरणं घेऊन जाणारे प्लास्टिकचे प्रचंड फुगे तीस-चाळीस किलोमीटर उंचीवर सोडतं. उपकरणं छत्रीने खाली येतात, कधी मराठवाड्यात, कधी विदर्भात, आणि 'हात लावू नका, पोलिसांना कळवा' अशी सूचना वर्तमानपत्रांत आधीच येते. पहाटे सूर्य उगवायच्या आत असा फुगा पाहिला तर मँटेलच्या जागी आपण असतो.

मागायचं कसं? सार्वजनिक अभिलेख कायदा १९९३चा. त्याखालच्या नियमांनुसार जतन करण्याजोगे पंचवीस वर्षांहून जुने कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागाराकडे जायला हवेत. सगळी खाती ते वेळेवर पाठवतात असं नाही. त्यांच्या 'अभिलेख पटल' पोर्टलवर घरबसल्या यादी चाळता येते. तिथे 'विचित्र प्रकाश', 'अज्ञात विमान', 'उल्का', 'हवाई हद्दीचं उल्लंघन' अशा अर्थाच्या इंग्रजी शब्दांनी शोधा. त्यानंतरचे कागद हवे असतील तर माहितीचा अधिकार. केंद्राच्या खात्यांना शुल्क दहा रुपये, उत्तराची मुदत तीस दिवस. पण 'भारतात परग्रहवासी आले होते का' असं विचारलंत तर उत्तर येईल की हे माहितीच्या व्याख्येत बसत नाही, आणि ते बरोबरच असेल. कायदा अस्तित्वात असलेला कागद देतो, मत देत नाही. म्हणून खातं, तारीख, जागा आणि कागदाचा प्रकार लिहा: अमुक जिल्ह्यात अमुक तारखेला सापडलेल्या धातूच्या वस्तूबाबतचा पंचनामा, तिच्या हस्तांतरणाचं पत्र, तांत्रिक तपासणीचा अहवाल. इस्रो आणि हवाई दल कायद्याच्या कक्षेत आहेत. भारत-तिबेट सीमा पोलीस, डीआरडीओ, गुप्तचर विभाग कायद्याच्या दुसऱ्या अनुसूचीत, म्हणजे सूट दिलेल्या संस्थांच्या यादीत आहेत, त्यांच्याकडून हे मिळणार नाही. वीस वर्षं उलटली की नकाराची बरीच कारणं गळून पडतात, सुरक्षेचं मात्र राहतं.

एक गंमत सांगतो. दुसऱ्या ग्रहावरून आलेल्या वस्तूची भारतात सरकारी माणसांनी केलेली नोंद खरोखर आहे. २५ ऑगस्ट १८६५ला सकाळी नऊच्या सुमारास गया जिल्ह्यात शेरघाटीजवळ मोठ्या आवाजासह सुमारे पाच किलोचा दगड पडला. स्थानिक इंग्रज अधिकाऱ्यांनी तारीख, वेळ, जागा लिहून दगड कलकत्त्याला पाठवला. तो मंगळावरचा आहे हे विज्ञानाला उमगलं १९८०च्या दशकात, तशाच जातीच्या दुसऱ्या अशनीत अडकलेला वायू मंगळावर उतरलेल्या व्हायकिंग यानांनी मोजलेल्या मंगळाच्या हवेशी जुळला तेव्हा. १८६५च्या त्या अधिकाऱ्याला यातलं काही ठाऊक नव्हतं आणि त्याने तर्कही लढवला नाही. सगळ्या ब्लू बुकपेक्षा मला तो कागद जास्त आवडतो.

तुम्हीही पुढच्या वेळी तसंच लिहा. उभं राहण्याची नेमकी जागा, मोबाइलवरची वेळ, कुठून कुठे गेलं, किती सेकंद. हात लांब करून धरलेली मूठ आकाशात साधारण दहा अंश व्यापते, तेव्हा क्षितिजापासून किती मुठी वर होतं ते लिहा. गच्चीवर चौघं असतील तर चौघांनी वेगवेगळ्या कागदावर लिहावं, आधी चर्चा न करता; चर्चा झाली की घरातल्या सगळ्यात मोठ्या आवाजाच्या माणसाची साक्ष सगळ्यांची होते. २८ जानेवारी १९७६ला सौराष्ट्रात धजाळा इथे अशनी पडला, तेव्हा प्रत्यक्षदर्शींच्या अशा वर्णनांवरून शास्त्रज्ञांनी त्याची सूर्याभोवतीची कक्षा काढली होती.

लपवाछपवीच्या नव्या आरोपांबद्दल विचाराल तर अमेरिकेच्या संरक्षण खात्याने मार्च २०२४मध्ये १९४५पासूनच्या कागदांचा आढावा छापला. परग्रहावरच्या तंत्रज्ञानाचा पुरावा मिळाला नाही असं त्यात आहे. तो आढावा घाईचा आहे, चुकाही दाखवल्या गेल्यात. पण त्याआधी डिसेंबर २०२३मध्ये झालेला कायदा मला जास्त कामाचा वाटतो: सगळ्या खात्यांनी असे कागद राष्ट्रीय अभिलेखागारात एका ठिकाणी जमा करायचे. त्यासाठी ६१५ क्रमांकाचा नवा अभिलेखगट उघडलाय आणि तो हळूहळू भरतोय.

वाचायला सुरुवात कुठून करू, असं विचारलंत तर रॉझवेल नको, तिथे कागदापेक्षा गोष्टी जास्त आहेत. ब्लू बुकमधलं टेक्सासमधल्या लेव्हललँडचं प्रकरण काढा, २ नोव्हेंबर १९५७च्या रात्रीचं. रस्त्यावर तेजस्वी काहीतरी दिसलं आणि गाड्यांची इंजिनं बंद पडली, असं वेगवेगळ्या लोकांनी काही तासांच्या आत पोलिसांना कळवलं. हवाई दलाने एकाच माणसाला थोड्या तासांसाठी पाठवलं, सगळ्या साक्षीदारांना तो भेटलाही नाही, आणि निकाल लागला: वादळी हवा, गोलक वीज. १९५७च्या तक्त्यात हे प्रकरण सुटलेल्यांत मोजलंय. जबान्या आधी वाचा, मग हवामानाचा कागद, त्या रात्री खरंच किती वीज होती ते. निकालाचं छापील कार्ड या फायलींच्या सुरुवातीलाच लावलेलं असतं. ते न वाचता उलटा आणि सगळ्यात शेवटी त्याच्याकडे या.